राखणदार कॉलेजला गेला

दसरा उलटून आठ-दहा दिवस झाले की वसईजवळच्या कामणच्या रस्त्यावर संध्याकाळी एक वास सुटतो. दोन्ही बाजूंना गोदामं, मध्ये ट्रकची रांग, डिझेलचा धूर, आणि त्या सगळ्याच्या खालून हळूच येणारा पिकलेल्या भाताचा वास. तिथल्याच एका गोदामात मी मालाची आवक-जावक बघते. सुटल्यावर हेल्मेट घालते, वास त्यात अडकतो आणि थेट विरारच्या फ्लॅटपर्यंत सोबत येतो. नवरा म्हणतो, "प्रणाली, तुला दर ऑक्टोबरात काहीतरी होतं." होतं खरं, पण काळजी करण्यासारखं काही नाही. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते तेव्हाची एक कापणी आठवते, एवढंच.

आमचं माहेरचं शेत विरारजवळ चांदीपला. कापणीच्या दिवसांत घराचं घरपण जरा बाजूला सरकायचं. ओसरीत भाऱ्यांच्या दोऱ्या, पायरीच्या दगडावर विळे घासल्याचा खर्रखर्र आवाज, पहाटेच थापून ठेवलेल्या भाकऱ्या. शेतातून आलेल्या माणसाच्या अंगाला भाताची कूस, म्हणजे लोंबीवरचे बारीक काटे, चिकटलेली असायची आणि ती मानेत, कोपराच्या आत, कुठेही टोचायची. आई दारातच अडवायची. "आधी अंगावर पानी घे, मंग आत ये." मला ती खाज आवडायची असं आता म्हणाले तर खोटं होईल. पण ऑक्टोबरातल्या उन्हात मान खाजली की मला बरं वाटतं, हेही खरं आहे.

शेताच्या एका कोपऱ्यात, दोन बांध जिथे मिळतात तिथे, आमचा राखणदार असतो. नारळाएवढा दगड, वर्षानुवर्षांच्या शेंदराने गुळगुळीत झालेला. त्याला नाव नाही. देव्हाऱ्यातल्या देवांना नावं असतात, आरत्या असतात, वार असतात. याला फक्त काम आहे. घरात त्याला कधी आणत नाहीत, कारण घर राखायला माणसं आहेत. पीक उभं असेपर्यंत त्याने जागचं हलायचं नाही, आणि कापणीच्या आदल्या संध्याकाळी त्याच्यापुढे दिवा लावून नारळ दिल्याशिवाय आपण शेतात विळा घालायचा नाही. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता. बाबांना त्यांच्या वडिलांनी सांगितलेला, मला बाबांनी. म्हणजे मला तो नीट ठाऊक होता. म्हणूनच पुढचं लिहिताना अजून कानशिलं तापतात.

मी तेव्हा लाजरी होते. गोड, पदराआड हसणारी लाजरी नव्हे. त्या लाजण्याचं निदान कौतुक तरी होतं. माझी दातखीळ बसायची. बसमध्ये "थांबवा" म्हणायचा धीर होत नसे, म्हणून दुसरं कोणी उतरेल तिथे उतरायचे आणि मागे चालत यायचे. हजेरीला मी "येस सर" म्हणायचे ते माझ्या ओढणीलाच ऐकू जायचं. सर वर न बघता गैरहजेरी लावायचे. मी तिथेच, तिसऱ्या बाकावर, सर्वांदेखत गैरहजर. कॉलेज सुरू होऊन तीन महिने झाले होते आणि वर्गातल्या एकाही मुलीला माझं नाव माहीत नव्हतं. घरच्या बोलण्याचीही लाज होती. घरी मी 'पानी' म्हणायचे. कॉलेजात 'पाणी' म्हणायचं हे कळत होतं, पण तोंडातून नेमकं काय निघेल याचा भरवसा नव्हता. मग पाणी मागायचेच नाही. तहान लागली तर लागू दे.

अशातच जिन्याच्या फलकावर एक कागद लागला. वर हाताने काढलेलं झाड, मुळांसकट. खाली लिहिलेलं, 'आपण सगळे मुळात पेगन आहोत. या, बोलूया.' पेगन म्हणजे काय हे कोणाला माहीत असणार, म्हणून आणखी खाली बारीक अक्षरांत, 'झाडं, दगड, पाणी, सूर्य यांना देव मानणारी जुनी माणसं.' कागद लावणारी होती तिसऱ्या वर्षाची मृण्मयी. वसई पश्चिमेला फ्लॅट, वडील मुंबईत सरकारी नोकरीला, घराणं मूळचं साताऱ्याकडचं. युरोपात काही कॉलेजांमधली मुलं जुन्या देवांकडे पुन्हा वळतायत, एकत्र जमतायत, असं तिने इंटरनेटवर वाचलं होतं. तिला वाटलं, आपण इथे का जमू नये?

मी तो कागद तीनदा वाचला. दगडाला देव मानणारी माणसं. अगं बाई, म्हणजे आम्हीच की! कॉलेजच्या फलकावर आजवर आमच्या घराबद्दल काहीही लागलं नव्हतं. शाळेच्या दाखल्यावर धर्माच्या रकान्यात एक शब्द होता, पण शेतातला दगड त्या शब्दात कुठे बसतो हे कोणी विचारलं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं की एखादी गोष्ट मला इतरांपेक्षा जास्त माहीत आहे. आणि त्याच्याच मागोमाग दुसरं काही वाटलं. हे आपण सांगितलं पाहिजे. तिथे जायचं आणि तोंड उघडून सांगायचं. नाही जमलं तर तीन वर्षं हीच तिसऱ्या बाकावरची गैरहजेरी.

कागदावरच्या नंबरावर मेसेज केला. मेसेज करताना मी फार धीट असायचे. गटात सात-आठ जण होते. शुक्रवारी मृण्मयीने लिहिलं, 'उद्या पहिली बैठक, दुपारी दोन, लायब्ररीमागच्या बदामाखाली. प्रत्येकाने आपल्या घरचा जुना देव आणावा.' आता देव आणावा म्हणजे काय? फोटो? गोष्ट? की देवच? मी टाइप केलं, 'देव म्हणजे खरा का?' पुसलं. 'देव आणायचा म्हणजे कसा?' पुसलं. तेवढ्यात बाकी सगळ्यांनी अंगठे वर केले. मीही केला. एका प्रश्नाची लाज वाटली म्हणून मी काय करून बसले, ते आता माझ्या मुलीला सांगते तेव्हा ती पोट धरून हसते. तिला प्रश्न विचारताना लाज कशी वाटते हेच कळत नाही.

कापणी रविवारी ठरली होती. म्हणजे दिवा शनिवारी संध्याकाळी. मी हिशेब केला की चारच्या बसने परतले तर उजेडात राखणदार जागेवर, कोणाला पत्ताही लागणार नाही. शनिवारी सकाळी दव पडलेलं होतं. बांधावरून गेले. लोंब्या वाकून बांधावर आल्या होत्या, सलवार गुडघ्यापर्यंत भिजली. त्याच्यापुढे बसून मनातल्या मनात विचारलं, "जरा येता का?" तो काही बोलला नाही; मी तरी कुठे मोठ्याने विचारलं होतं. उचलला तर वाटला होता त्याहून जड. खाली काळी ओली माती, पांढरी मुळं आणि एक बेडूक, जो माझ्याकडे बघतच राहिला. आईच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून मी आमचा राखणदार कॉलेजच्या बॅगेत घातला. डबा त्या दिवशी हातात घेतला, देवाला चेपायला नको म्हणून.

बदामाखाली सहा जण आले होते. मृण्मयीने सतरंजी आणली होती. तिच्या घरचा जुना देव म्हणजे पितळेचा छोटा नाग, नागपंचमीपुरता कपाटातून निघणारा. पाचूबंदरच्या कोळीवाड्यातली हर्षला होती. तिने होडीच्या नाळेवर, पुढच्या टोकाला, बांधतात तसला झेंडूचा हार आणला होता, आमचा देव समुद्र आणि तो काही पिशवीत मावत नाही असं सांगून तिने सगळ्यांना हसवलं. एल्टन नावाचा गावठाणातला मुलगा भाताच्या लोंब्यांची जुडी घेऊन आला होता. चर्चमध्ये नव्या भाताला आशीर्वाद देतात, त्यातली.

"मी पेगन-बिगन नाही हं," तो आधीच म्हणाला. "मम्मीला सांगितलंय बॉटनीचं प्रॅक्टिकल आहे. फक्त बघायला आलोय." विरारच्या टॉवरमधला एक मुलगा रिकाम्या हाताने आला होता. "आमच्याकडे देव कॅलेंडरवर असतात," तो म्हणाला, "आणि कॅलेंडर फ्रिजवर." सगळे भराभर बोलत होते. मराठी, हिंदी, इंग्रजी, जे जिभेवर येईल ते. मला ते ऐकायला आवडत होतं. फार आवडत होतं. आणि माझी पाळी जवळ येत होती.

मृण्मयीने माझ्याकडे बघितलं. मी चेन उघडली, लुगडं सोडलं आणि राखणदार सतरंजीवर ठेवला.

एल्टन म्हणाला, "बाप रे. हा तर ओरिजिनल." हर्षलाने न सांगता चपला काढून लांब ठेवल्या. मृण्मयीचे डोळे भरून आले, अगदी खरोखर. तिने हात जोडले. इतके दिवस ती जे वाचत होती ते तिच्या पुढ्यात येऊन बसलं होतं. बिचारीचा दोष काय? ती म्हणाली, "मित्रांनो, हाच आपल्या मंडळाचा देव. आपण याची इथेच, या झाडाखाली स्थापना करू. दर शनिवारी याच्यासमोर जमू." आणि मग अगदी प्रेमाने मला, "चालेल ना गं?"

मी मान हलवली. होकारार्थी.

का हलवली? मी याचा खूप विचार केला आहे, आणि उत्तर साधं आहे. मान हलवायला आवाज लागत नाही. नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं. शेत, बांध, कापणी, दिवा, नारळ, बाबा, सगळं. त्यापेक्षा आमच्या चार पिढ्यांचा राखणदार देऊन टाकणं मला त्या घडीला सोपं वाटलं. लाजरी माणसं निरुपद्रवी असतात असं लोक समजतात. मला विचाराल तर तसं काही नाही.

कँटीनमधून चमचे आणले गेले. माती उकरली, दगड बसवला, हर्षलाचा हार घातला. छान दिसत होता, हेही सांगायला हवं. मग मंडळाला नाव काय द्यायचं यावर चर्चा सुरू झाली. साडेतीन झाले. मी सतरंजीच्या कडेचा दोरा उसवत बसले होते. चारची बस डोळ्यांपुढे दिसत होती, आणि कोपऱ्यातला तो ओला खड्डा. बाबा दिवा घेऊन जातील आणि तिथे खड्डा असेल. उद्या विळा घालता येणार नाही, भारे बांधायला सांगितलेली माणसं परत जातील. पण खरं म्हणजे माणसांची चिंता नव्हती. मला बाबांचा चेहरा दिसत होता.

पहिल्यांदा म्हणाले, "तो शेतातला आहे." कोणाला ऐकू गेलं नाही. एल्टन 'मूळ' हे नाव सुचवत होता. दुसऱ्यांदा म्हणाले, "मला परत न्यायचाय." हर्षलाने वळून बघितलं आणि तिला वाटलं मी शिंकले. तिसऱ्यांदा मी उठून उभी राहिले. उभं राहायचं ठरवलं नव्हतं. आणि जे निघालं ते माझ्या अंदाजापेक्षा फारच मोठ्याने निघालं. "माझा देव मला परत पायजे!"

कँटीनच्या खिडकीतून चहावाले काका बाहेर डोकावले. मला थांबता आलं असतं, पण एकदा धरण फुटल्यावर काय. "तो माझा नाय, शेताचा हाय. उद्या कापनी हाय. आज बाबा दिवा लावनार, नारळ फोडनार, आनि तिथं कोनीच नाय. पीक उभं हाय आनि राखायला कोनी नाय. मी न इचारता आनलाय. मला वाटलं देव आनायचा म्हंजे देवच आनायचा!" घरचं सगळं बोलणं, जसं घरी तसं, बदामाखाली ओतलं गेलं. कोणी हसलं नाही. म्हणजे एल्टन हसला, पण तो म्हणाला, "अरे, आमच्या घरी पण असंच काहीतरी वेगळंच बोलतात, बाहेर कोणाला कळत नाही." मृण्मयी लालबुंद झाली. "अगं मग मघाशी का नाही बोललीस?"

"बोलता येत नव्हतं," मी म्हणाले.

ते मंडळ पुढे फार टिकलं नाही. आणखी चारेक बैठका झाल्या, मग परीक्षा आल्या, मग मृण्मयी पुण्याला शिकायला गेली. आता ती तिथेच एका कंपनीत माणसं निवडायचं काम करते आणि दिवाळीला सगळ्यांना एकच मेसेज पाठवते. एल्टन जहाजावर असतो. नाव शेवटपर्यंत ठरलं नाही. मी पेगन झाले का? कोण जाणे. होतेच बहुधा. तो शब्द नंतर कधी वापरायची वेळ आली नाही. आमच्या भागात आता कापणीचं यंत्र येतं, दोन तासांत शेत मोकळं करून जातं. यंत्राच्या चालकालाही आधी थांबवतात, कोपऱ्यात दिवा लावतात, मग सुरू कर म्हणतात. तो बिचारा मोबाईल बघत थांबतो.

तर त्या दिवशी. चारची बस गेली होती. मृण्मयीने स्कूटी काढली. "दगड पुढे पायापाशी ठेव," ती म्हणाली, आणि लगेच स्वतःच जीभ चावली. मी त्याला मांडीवर घेतलं. हायवेला लागलो, मग आत वळलो. ऊन कलत होतं. वाटेत मी बोलत होते. हेल्मेट घातलेल्या तिला मागून मी राखणदाराबद्दल सगळं सांगितलं, जे बदामाखाली सांगायचं होतं ते. तिला निम्मं ऐकू गेलं नसेल. मला थांबवत नव्हतं.

आई वाटेवरच भेटली, डोक्यावर गवताचा भारा. माझ्या मांडीवरचं लुगडं तिने ओळखलं. "जा लवकर," ती म्हणाली. "सकाळधरनं बसलाय तुझा बापूस. भाकर पन तिथंच नेऊन दिली. राखनदार नाय तर कोनीतरी बसाया पायजे ना?"

हे ऐकून मला रडू फुटलं. स्कूटी तिथेच लावली आणि आम्ही बांधावरून धावलो. बाबा कोपऱ्यात उकिडवे बसले होते, त्याच्याच जागेवर, शेताकडे तोंड करून. शेजारी न पेटवलेला दिवा, नारळ, पाण्याचा तांब्या.

"बाबा, मी नेलता," मी म्हणाले.

"म्हाईत हाय. तुझ्या चपलेचा ठसा हाय हितं."

"मंग फोन का नाय केलात?"

"केला तर तू बोलतेस कवा?"

ते उठले. गुडघे धरून, सावकाश. माझ्या हातातून दगड घेतला, त्याच्यावरची झेंडूची पाकळी काढली आणि त्याला म्हणाले, "झाली फेरी?" मग खड्ड्यात बसवला, चहूबाजूंनी माती दाबली. मृण्मयी पुढे झाली. "काका, चूक माझी आहे. मीच म्हटलं की इथे ठेवूया."

"नाय," मी म्हणाले. "मीच मान हलवली."

बाबांनी दोघींकडे आलटूनपालटून बघितलं. "मंग परत कसा दिला यांनी?"

"मी मागितला."

"तोंडानं?"

"तोंडानं."

"कँटीनपर्यंत ऐकू गेलं, काका," मृण्मयी म्हणाली.

बाबा खाली वाकले. दिवा पेटवला, हाताचा आडोसा धरून. नारळ उचलून माझ्या हातात दिला. "मंग आज गाऱ्हानं तूच घाल."

नारळ फोडण्याआधी राखणदाराला मोठ्याने सगळं सांगायचं, मागायचं, त्याला आम्ही गाऱ्हाणं म्हणतो. ते चारी बांधांना ऐकू जायला लागतं. ज्या बांधाला ऐकू गेलं नाही, ती बाजू त्या वर्षी उघडी पडली असं समजतात. प्रत्येक वाक्याला ऐकणाऱ्याने 'व्हय' म्हणायचं. आमच्याकडे ते नेहमी बाबाच घालायचे, त्याआधी आजोबा. आमच्या घरात कुठल्या बाईने घातलेलं कोणी ऐकलं नव्हतं. समोर पिवळं शेत, त्यावरून सरकणारं शेवटचं ऊन, मागे उभी एक फ्लॅटमधली मुलगी, आणि पुढ्यात तो, दिवसभर गाव हिंडून आलेला.

"बा राखनदारा," मी सुरू केलं. "आज तुला जागेवरनं हलवला. चूक झाली, ती पोटात घाल."

"व्हय," बाबा म्हणाले.

"उद्या इळा घालतोय. कोनाच्या हाताला लागू देऊ नको. कोनाच्या पायाखाली जनावर येऊ देऊ नको."

"व्हय," बाबा. आणि त्यांच्यामागून, जरा उशिराने, चाचपडत, मृण्मयीचा "होय."

"घरात दाना येऊ दे. येनाऱ्या-जानाऱ्याला, चिमनीपाखराला पुरू दे."

"व्हय," असं पलीकडच्या बांधावरून आलं. शेजारच्या शेतातले काका तिथे वाकून गवत कापत होते, 'व्हय' म्हणण्यापुरते ते उभे राहिले होते. मी श्वास घेतला आणि पुढचं वाक्य उरलेल्या बांधांकडे तोंड करून म्हटलं.